पारधी – १

वडील गेल्यानंतर जठारपेठेतल्या आमच्या घरातील लाकडी कपाट आवरण्याचे काम माझ्याकडे आले. विम्याची कागदपत्रे, सातबाराचे उतारे, लग्नपत्रिका यांच्या खाली एक निळसर पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात खते-बियाण्यांचे हिशेब होते आणि मध्येच एका पानावर, वडिलांच्या रेखीव अक्षरात, एक यादी. वर तारीख होती: फेब्रुवारी १९७०. खाली लिहिले होते: बंदूक – १, काडतुसे – १०, बॅटरी – १, सेल – ४, कंदील – १, बैल – २, पारधी – १, भाकरी, ठेचा, पाणी. त्याखाली एकच ओळ होती की वारा मावळतीकडून असेल तर नाल्याच्या अलीकडे बसावे. पुढचे पान कोरे.

वडिलांनी कधी शिकार केली होती, हे मला ठाऊकच नव्हते. आईला विचारले, तर ती वाती वळता वळता म्हणाली, "भुईमुगात कोल्हे येत. तुझे आजोबा म्हणत, पोरानं बंदूक धरायला शिकावं. ई-क्लासात जाऊन बसले होते रात्रभर. मग पुन्हा कधी काढली नाही बंदूक. काऊन, ते त्यांनी सांगतलं नाही, अन् म्या विचारलं नाही."

आमचे शेत बार्शीटाकळी तालुक्यात आहे. ई-क्लास म्हणजे गावाचे सरकारी गुरचरण. बाहेरच्या वाचकाला हा शब्द चमत्कारिक वाटेल, पण वऱ्हाडात तो इतका मुरला आहे की त्याची इंग्रजी मुळे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ही जमीन कोणाचीच नसते आणि म्हणून सगळ्यांची असते. गुरे तिथे चरतात, गवत तिथले कापले जाते, आणि कोल्हा, खोकड, लांडगा यांचे घरही तेच असते.

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याचा निरोप आला. तो अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीऐवजी हिवाळ्यात या, काका, असा त्याचा आग्रह. सोबत त्याने सहलीचा आराखडाच पाठवला होता: वाळवंटात कायोटीची शिकार. कायोटी हा आपल्या कोल्ह्याच्या कुळातला, त्याच्याहून थोडा थोराड प्राणी. त्याचे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आले. तिकडेही एक विराट ई-क्लास आहे. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे देशभरात सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे, त्यातली एक कोटी वीस लाखांच्या आसपास एकट्या ॲरिझोनात. शिकारीचा परवाना काढला की कायोटी तिथे वर्षभर मारता येतो.

पुतण्या अभियंता आहे. त्याचा आराखडा वडिलांच्या यादीपेक्षा दहापट मोठा होता. नकाशे, पाण्याचे कॅन, जास्तीचे टायर. पहाटे गाडी दूर ठेवून चालत जायचे. वारा तोंडावर घ्यायचा, कारण कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याखाली जातो आणि आधी वास घेतो. मग एक यंत्र दूर ठेवायचे. त्यातून जखमी सशाचे किंचाळणे निघते. पंधरावीस मिनिटे वाट पाहायची, नाही आला तर जागा बदलायची. हे वाचताना मी थबकलो. वाऱ्याचा हिशेब दोन्ही याद्यांत होता. फरक एवढाच की वडिलांच्या यादीत यंत्राच्या जागी माणूस होता.

फासेपारध्यांना तित्तिराचा, लाव्याचा आवाज गळ्यातून हुबेहूब काढता येतो, हे आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. गुराच्या आडोशाने हरणापर्यंत पोहोचण्याची, केसासारख्या बारीक फाशांची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला. पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायलाच हवा होता. पण त्याने आमच्या घरची बंदूक फक्त कपाटात गेली, आणि पारध्याची चूल विझली. वडील निवृत्त होईपर्यंत प्रतिष्ठित गृहस्थ राहिले. ज्याने त्यांना त्या रात्री वारा दाखवला, त्याच्या मुलांना मात्र तीच विद्या गुन्हा म्हणून वारसाहक्काने मिळाली.

मराठीचा अध्यापक म्हणून मी वर्गात लीळाचरित्र शिकवतो. पारधी मागे लागलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येतो, ती लीळा मुलांना फार आवडते. मी दरवर्षी सशाच्या बाजूने बोलतो. त्या पारध्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय शिजले असेल, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत एकदाही विचारला नाही. कोल्ह्याचेही तसेच. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे अरबीत जाऊन 'कलीला व दिम्ना' झाले. नवाहो लोकांच्या कथांमधला कायोटी असाच लबाड, उपद्व्यापी, आणि त्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यातच सांगायच्या असा त्यांचा दंडक. 'कोल्हा काकडीला राजी' म्हणत आपण त्याला हसतो. कथेत त्याला एवढे मोठे स्थान देणारा माणूस शेताच्या बांधावर मात्र त्याच्यावर नेम धरतो. आज आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने कोल्हा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला आहे. ॲरिझोनातही, किती कायोटी मारले यावर बक्षिसे लावणाऱ्या स्पर्धांवर २०१९ मध्ये बंदी आली. परवान्याची शिकार चालू आहे.

बार्शीटाकळी तालुक्यातच वडाळा येथे फासेपारध्यांनी गवताळ माळ राखायला घेतल्याचे मी ऐकले होते. परवा जाऊन आलो. गुडघाभर गवत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला गवतांची नावे सांगितली, एकेक काडी हातात देऊन. मी वहीत उतरवत गेलो आणि सहाव्या नावाला माझी लेखणी मागे पडली. मराठीत एम. ए. केलेल्या माणसाला आपल्याच तालुक्यातल्या गवताची नावे लिहून घ्यावी लागत होती. निघताना मी विचारले, १९७० च्या सुमारास आमच्या शिवारात शिकारीला कोण येत असे? ते हसले. "साहेब, आमच्यातले सगळेच जात होते. कोणाचं नाव सांगू?"

पुतण्याला कळवले आहे: येईन. पहाटे तुझ्यासोबत बसेन, वाराही पाहीन. बंदूक मात्र माझ्या नावाने धरू नकोस. आणि ते यंत्र एक दिवस घरी ठेव. कायोटी आला तर आपल्या पायांनी येईल, नाही आला तर आपण काका-पुतणे गप्पा मारू.

घरी आल्यावर आईला वही दाखवून त्या ओळीवर बोट ठेवले. त्यांचे नाव काय होते? तिने बराच वेळ आठवून पाहिले. "आपल्या घरी जेवून गेला होता त्या रात्री. ओसरीवर," ती म्हणाली. "पण नाव... त्याले सगळे पारधीच म्हणत, बापू."