सालीवरची मोडी

महाबळेश्वरच्या रानात जांभळाच्या, हिरड्याच्या खोडांवर राखाडी-पांढरे डाग दिसतात. झाडाला बुरशी लागली, असं म्हणून माणसं पुढे जातात. बागेत तर कुणी ते खरवडून वर चुना फासतं. मला फार वाईट वाटतं. हा रोग नव्हे, हे शैवाक: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल उन्हावर अन्न करतं, बुरशी त्याला आसरा देते. झाडाकडून त्यांना हवी असते ती फक्त जागा.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच्याच भाऊबंदांतलं. पण ते हाताने सोलून निघतं. हे सालीत मुरलेलं, साल कापल्याशिवाय सुटत नाही.

दहापट भिंग डोळ्याशी धरून ओल्या सालीचा वास येईल इतकं खोडाजवळ जावं. पांढऱ्यावर काळ्या, वळलेल्या, मधेच फाटा फुटलेल्या रेघा दिसतात, कारकुनाने घाईत मोडी लिहावी तशा. ही बुरशीची फळं. प्रत्येक रेघेला मधोमध चीर असते, आतले बीजाणू तिथूनच बाहेर पडतात. पांढऱ्या भागावर नख हलकेच ओढलं की पिवळसर, कधी नारिंगी झाक उमटते. ती आतल्या ट्रेंटेपोहलिया शैवालाची.

हे ग्राफिस गोत्रातलं शैवाक असावं, एवढं इथवर म्हणता येतं. पण रेघा फसवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, मखिजा यांच्यासारख्यांनी या कुळावर काम केलं ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच. जुन्या पद्धतीत बीजाणू रंगहीन आणि फक्त आडव्या पडद्यांचे असले तर ग्राफिस, तपकिरी असले तर फिओग्राफिस. 2002 मध्ये बेटिना स्टायगर यांनी ही मांडणी मोडून रेघेच्या काठाच्या घडणीलाही वजन दिलं. मला ते पटतं. नुसत्या बीजाणूवरून गोत्र ठरवणं एकांगीच होतं.

आयोडीन लावलं की ग्राफिसचे बीजाणू निळे-जांभळे होतात. रेघेच्या पातळ कापावर पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकावा. पिवळा रंग लाल होत गेला आणि तांबड्या सुया उगवल्या, की नॉरस्टिक्टिक आम्ल आहे असं समजावं. काही जाती वेगळ्या काढायला हाच पुरावा लागतो.

यासाठी नखाएवढा तुकडा पुरतो. कागदी पाकिटात ठेवून त्यावर आधी झाडाचं नाव लिहावं, मग गाव, उंची, तारीख. साल खरबरीत होती की गुळगुळीत, खोडाच्या कुठल्या बाजूची, हेही तिथेच टिपावं. घरी आल्यावर ते आठवत नाही.