टाळी कोण धरतं?

कीर्तनाला गेलो की आधी जागा ठरवतो. बुवांच्या समोर बसलं तर कीर्तन ऐकू येतं, माणसं दिसत नाहीत. म्हणून मृदंगाच्या कडेला, मंडळींकडे तोंड करून बसायचं. कर्जतला कामिका एकादशीला गोदड महाराजांचा रथ निघतो, तेव्हा गाव माणसांनी भरून जातं. पण टाळी धरणारी गर्दी वाचायला सप्ताहच बरा. तिथे ज्याची त्याची जागा रोज तीच असते.

२००० साली ‘नेचर’मध्ये नेडा आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. सभागृहातल्या टाळ्या आधी नुसत्या गडगडतात, मग एका ठेक्यात येतात. त्यासाठी माणसं आपला वेग साधारण निम्म्यावर आणतात. जोर करायला म्हणून वेग वाढवला, की ठेका फुटतो.

आमच्याकडे गजर चढत जातो, तरी टाळी फुटत नाही. मृदंग आणि टाळ धरून असतात, हे खरं. पण तेवढंच नाही. लय फार चढली की म्हाताऱ्या बायका एक सोडून एक टाळी देतात. कुणी सांगितलेलं नसतं. पोरं दुगुनीत, आज्या निम्म्यात, आणि समेवर दोन्ही बाजू एकत्र! गर्दीत शिरलं की माणसाचं माणूसपण विरघळतं, असं फ्रेंच लेखक ल बाँनं १८९५ मध्ये लिहिलं. त्याला हा मंडप दाखवायला हवा होता.

हे सगळं टिपायचं तर अडचण वहीची. हातात पेन असलं की टाळी वाजवता येत नाही, आणि टाळी न देणारा माणूस शेजारच्या दोघांना तरी अवघडून टाकतो. मोबाईल उभा केला तर पोरं हात हलवतात. म्हणून मी टाळी देतो आणि पंगतीला बसण्याआधी घाईनं टिपून घेतो. थोडं निसटतंच.

टाळीसारखंच गोंगाटाचंही आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात संशोधकांनी कल्पवासींना, म्हणजे तिथे महिनाभर राहणाऱ्या यात्रेकरूंना, एक संदिग्ध गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं, हा मेळ्यातला, काहींना, शहरातला. मेळ्यातला म्हटल्यावर लोकांनी तोच गोंगाट जास्त वेळ ऐकला. हे वाचल्यापासून डीजेच्या आवाजानं छातीत धडधडतं म्हणून कुणी तक्रार करत आलं, की मी आधी विचारतो, ‘वरात कुणाची होती?’