दोन हिशेबनीस आणि एक विमान

'संत तुकाराम' हा प्रभात फिल्म कंपनीचा बोलपट १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि ५७ आठवडे तिथून हलला नाही. विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. दोघंही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, हातांनी काम करणारे आणि फारसं न बोलणारे. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकारामाच्या भूमिकेसाठी निवड झाली ती विष्णुपंत पागनीसांची, म्हणजे रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवलेल्या एका गायक नटाची. मऊ आवाज, नजर खाली ठेवून हळूच मान वळवण्याची लकब, या गोष्टी दुसऱ्या एखाद्या ऐतिहासिक बोलपटात दोषच ठरल्या असत्या. इथं त्यांनीच भूमिका तारली. पुढं घरोघरच्या तसबिरींत तुकोबांचा चेहरा पागनीसांचा झाला. शांताराम आठवल्यांनी या बोलपटासाठी बीजाची उपमा घेऊन लिहिलेलं पद लोक तुकोबांचाच अभंग समजून म्हणू लागले. एखाद्या गीतकाराच्या वाट्याला यापेक्षा मोठी दाद येत नसावी आणि यापेक्षा मोठा अन्यायही.

१९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या बोलपटाची वाखाणणी झाली. तिथल्या लोकांना मराठी कळत नव्हतं आणि देहू कुठं आहे हेही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना जे दिसलं ते बहुधा अंगण होतं. या बोलपटातले चमत्कार आभाळ फाडून येत नाहीत. धान्य सांडतं, वह्या पाण्यातून वर येतात, आणि हे सगळं घडत असताना आजूबाजूला म्हैस, शेण, रडणारी पोरं असा संसार जागच्या जागी असतो. हा संसार धरून ठेवते ती तुकोबांची बायको जिजाई. गौरी ही अभिनेत्री प्रभातच्या स्टुडिओत लहानसहान कामं करत वर आलेली. तिच्या चालण्यात कमावलेलं असं काही नाही. आजारी पोरापायी वैतागलेली जिजाई पायातलं पायताण हातात घेऊन विठोबावर धावून जाते, तेव्हा भक्तिपट पाहायला आलेला प्रेक्षक आधी दचकतो, मग हसतो आणि मग गप्प होतो. त्यामानाने खलनायक सालोमालो फारच ठसठशीत रंगवलेला आहे. तो लहान मुलांसाठी ठीक.

असे बोलपट गावोगाव पोचले ते तंबूंतून. टुरिंग टॉकीज हा शब्द पाटीवर लिहिलेला असे, लोक म्हणत तंबू. ट्रकवर प्रोजेक्टर, कनात, बांबू, दोर आणि भोंगा असा सगळा संसार घेऊन ही मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. तिकीट काढून आत गेलं की खाली जमीन, मध्ये कापडाचा आडपडदा, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला बापे. काही तंबूंत पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसं बसत. मागच्या अंगाला बसलेल्यांना पाट्या उलट्या दिसत आणि वीणा धरणाऱ्याचे हात बदललेले दिसत. गोष्टीत त्यानं काही अडत नसे. भक्तिपट असला की पडद्यापुढं नारळ फुटे, कुणी चपला बाहेर काढून ठेवी, कुणी देव दिसताच सुट्टे पैसे फेकी. या फिरत्या तंबूंची अखेरची वर्षं शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात टिपली आहेत; तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातला गंजलेला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा म्हातारा कित्येक नायकांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

याच कान महोत्सवात १९९५ साली जिम जारमुश यांचा 'डेड मॅन' दाखवला गेला होता. हा काऊबॉयपट आहे, म्हणजे घोडे आहेत, पिस्तुलं आहेत, डोक्यावर इनाम लागलेला माणूस आहे आणि मागावर असलेले मारेकरी आहेत. पण घोडे दमलेले आहेत, पिस्तुलं वेडीवाकडी चालतात आणि नायक पहिला बराच वेळ चष्मा सावरण्यात घालवतो. तो क्लीव्हलँडचा एक हिशेबनीस. आईबाप गेलेले, ठरलेलं लग्न मोडलेलं, उरलेले पैसे तिकिटात गेलेले. मशीन नावाच्या गावात नोकरी आहे असं पत्र खिशात घेऊन तो आगगाडीत बसतो. डोळा लागतो, उघडतो, समोरची माणसं बदललेली असतात. आधी कोट घातलेली, मग शेतकरी, मग कातडी पांघरलेली. शेवटी ती खिडक्यांतून बंदुका काढून बाहेरच्या रानगव्यांवर गोळ्या झाडू लागतात. काजळीनं माखलेला एक कोळसेवाला इंजिनाकडून येऊन त्याच्यासमोर बसतो आणि पुढं काय होणार ते जणू आधीच पाहिल्यासारखं बोलतो. गाव येतं, नोकरी दुसऱ्याला दिलेली असते.

चाकूर तालुक्यात लातूर रोड नावाचं जंक्शन आहे. लातूर शहर तिथून तीसेक किलोमीटर लांब. नावावर विसंबून तिथं उतरलेल्या नवख्या माणसाला मशीन गावातल्या त्या हिशेबनिसाची अवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हिशेबनिसाचं नाव विल्यम ब्लेक. १७५७ ते १८२७ या काळात लंडनमध्ये त्याच नावाचा एक कवी आणि चित्रकार होऊन गेला, पण याला त्याचा पत्ता नाही. पत्ता आहे तो त्याला रानात भेटलेल्या एका आदिवासी माणसाला. लहानपणी गोऱ्यांनी त्याला पिंजऱ्यात घालून इंग्लंडला नेलं, तिथं त्यानं ब्लेकच्या कविता वाचल्या. परत आला तेव्हा त्याच्या कथा स्वतःच्याच लोकांना खोट्या वाटल्या. तेव्हापासून तो स्वतःला 'कुणी नाही' म्हणवतो. गॅरी फार्मर या नटानं ही भूमिका केली आहे, आणि नायक झालेल्या जॉनी डेपचे चाहते काहीही म्हणोत, चित्रपट फार्मरचा आहे. छातीत गोळी रुतलेला हा हिशेबनीस म्हणजे मेलेला कवीच आहे, तो चुकून मागं राहिला आहे, आणि त्याला पाण्याच्या पलीकडं, आत्म्यांच्या गावी पोचवणं हे आपलं काम आहे, असं 'कुणी नाही' ठरवून टाकतो. बाकीचा चित्रपट म्हणजे हे पोचवणं.

अमेरिकेतलं हे रान मराठी वाचकाला पडद्याच्या कितीतरी आधी पुस्तकांतून भेटलेलं आहे. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' अशा नावांनी मराठीत आणल्या. 'रानातील प्रकाश' हाही त्यांचाच अनुवाद. त्यात आदिवासींनी वाढवलेला गोरा मुलगा सक्तीनं परत आणला जातो आणि मग कुठलाच राहत नाही. 'कुणी नाही' हा त्याचाच उलटा भाऊ. जीएंनी 'डेड मॅन' पाहायला हवा होता, पण ते १९८७ सालीच गेले.

दोन्ही चित्रपटांचे नायक हिशेबाचे. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यापार आणि महाजनकी. दुष्काळात घर बुडालं, आणि वाट्याला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं चरित्रकार सांगतात. पुढं त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवायची वेळ आली. देहूचा वाणी आणि क्लीव्हलँडचा कारकून यांच्यात याहून जास्त साम्य काढायचा मोह आवरलेला बरा. विंदा करंदीकरांनी तुकोबा आणि शेक्सपीअर यांची भेट एका कवितेत घडवून आणली आहे. ब्लेकचं आणि तुकोबांचं कदाचित जास्त जमलं असतं. दोघंही घरच्या दारात देवाशी बोलणारे.

मात्र दोन्ही चित्रपट ज्या ठिकाणी संपतात ते ठिकाण एकच आहे, माणसाला पलीकडं पोचवण्याचं, आणि चाकूरकडच्या प्रेक्षकाला ते फार जवळचं आहे. लातूर–नांदेड रस्त्यावरच्या या पट्ट्यात, अहमदपूर, उदगीर, देवणीपर्यंत, वारकऱ्यांबरोबर वीरशैव लिंगायतांची वस्ती मोठी. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारच्या मन्मथ स्वामींचे अभंग इथं टाळ-मृदंगावर म्हटले जातात, त्यांच्या 'परमरहस्य' या ग्रंथाची पारायणं होतात. लिंगायतांत मृताला जाळत नाहीत. त्याला न्हाऊ घालून मांडी घालून बसवतात. पाठीला टेका, कपाळावर आणि दंडांवर भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, हातात इष्टलिंग. मान कलंडू नये म्हणून हनुवटीखालून पट्टी बांधलेली असते, पण हारांत ती दिसत नाही. लोक येतात ते पायाशी वाकायला, आणि वाकून उठलं की त्या चेहऱ्याशी नजर समोरासमोर होते. आडव्या देहाकडं माणूस वरून पाहतो. बसलेल्याकडं तसं पाहता येत नाही. काल ओसरीवर याच जागी बसून सुपारी कातरणारा माणूस आजही बसलेलाच असतो, फक्त कुणाला काही विचारत नाही. दारात तोवर विमान बांधणं चाललेलं असतं. बांबू किंवा लाकडाची चौकट, वर कमान, केळीचे खुंट, रंगीत कागद, झेंडूच्या माळा. बांधणारे गल्लीतलेच असतात आणि त्यांच्यात हमखास मतभेद होतात: कमान दारातून निघेल का, डावीकडचा बांबू तोकडा आहे का, सुतळी कुणी आणली नाही. घरातून रडणं ऐकू येत असतं आणि दारात हे मोजमाप चाललेलं असतं. मग विमान खांद्यावर उठतं. पुढं भजनी मंडळ, मागं गाव, आणि मध्ये सगळ्यांच्या डोक्यांच्या वर बसलेला माणूस, वळणावर किंचित हलणारा. खड्ड्यातही त्याला बसवतात. बेलपत्र आणि भस्म घालतात, मग माती. आग नाही, धूर नाही, त्यामुळं काय झालं आणि कुठं झालं हे लहान पोरांनाही नेमकं ठाऊक असतं. मे महिन्यात नांगरून ठेवलेलं काळं रान आणि वर पांढरं पडलेलं आभाळ यांच्यामधून असं विमान जाताना दिसतं, तेव्हा झेंडूच तेवढा रंगीत असतो.

'संत तुकाराम'च्या शेवटी गरुडाच्या आकाराचं विमान येतं. १९३६ सालच्या कारागिरीनं केलेला तो पक्षी आजच्या डोळ्यांना लाकडी वाटतो. शहरी प्रेक्षागृहात इथं कधी कधी हसूही उठतं. बांबूचं विमान खांद्यावर घेतलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. विमान बांधावंच लागतं आणि बांधलेलं दिसतंच. तुकोबा बायकोला बरोबर चल म्हणतात. ती पोरांकडं कोण पाहणार म्हणून नकार देते आणि खाली राहते. बोलपटाचं मोठेपण या नकारात आहे. वैकुंठ मिळत असताना स्वयंपाकघर सोडायला तयार नसलेली बाई भक्तिपटाच्या शेवटाला उभी करणं, तेही तिला अडाणी न ठरवता, हे दामले–फत्तेलालांनी केलं. पुढच्या संतपटांना ते क्वचितच जमलं.

'डेड मॅन'च्या शेवटी होडी आहे. पॅसिफिकच्या काठावरच्या एका आदिवासी गावातून 'कुणी नाही' ती मिळवतो, तळाशी सीडारच्या फांद्या अंथरतो, जखमीला त्यात निजवतो. शेवटी तंबाखूही देतो. आपण ओढत नाही, असं ब्लेक पुन्हा सांगतो. साऱ्या चित्रपटभर हाच विनोद चाललेला असतो: तंबाखू ही प्रवासाची शिदोरी आहे हे त्या हिशेबनिसाला अखेरपर्यंत कळत नाही. होडी लोटली जाते. काठावर 'कुणी नाही' आणि उरलेला मारेकरी एकमेकांना गोळ्या घालतात. होडीतला माणूस ते लांबून पाहतो आणि काही करू शकत नाही. जिजाई निदान पोरं वाढवायला उरली. इथं पोचवणाराच आधी जातो. नायक नेमका कधी मेला यावर रसिकांत वाद आहे. काहींच्या मते तो पहिल्या गोळीलाच संपला, पुढचं सगळं मेल्यानंतरचं. काळजाशी गोळी घेऊन एवढा प्रवास होतो, हे पाहता त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.

काळ्या-पांढऱ्याचं कारण दोन्हीकडं वेगळं. १९३६ साली दुसरा पर्याय जवळजवळ नव्हता. १९९५ साली रंग सहज मिळत असताना जारमुश आणि छायाचित्रकार रॉबी म्युलर यांनी तो नाकारला, कारण काऊबॉयपटांनी पिवळ्या मातीची आणि निळ्या आभाळाची फार सवय लावून ठेवली होती. रंग काढल्यावर ते रान अनोळखी झालं. नील यंग यांनी पडद्यावर चित्रपट पाहता पाहता इलेक्ट्रिक गिटार वाजवून त्याचं संगीत केलं. ते अधूनमधून खरखरतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. काहींना त्याचा कंटाळा येतो. चित्रपट तिकीटबारीवर आपटला हेही खरं. क्री आणि ब्लॅकफूट भाषांतले संवाद त्यात अनुवादाविना ठेवले आहेत. म्हणजे त्यांतले विनोद ज्यांचे त्यांनाच कळावेत. व्हेनिसमध्ये 'संत तुकाराम' पाहणाऱ्यांची गत याहून वेगळी नसेल.

पुण्यातला प्रभातचा स्टुडिओ आता फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे, आणि जवळच १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. तंबू संपले, त्यामुळं आज चाकुरात हे दोन्ही चित्रपट पाहायचे तर मोबाइल किंवा घरातला टीव्ही. दिवसा पाहू नयेत, खिडकीच्या उजेडात म्युलरचे करडे रंग नुसते धुवट दिसतात. 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा, 'डेड मॅन' १२१ मिनिटांचा. एकाच रात्री दोन्ही पाहायचे ठरवले तर आधी तुकाराम पाहावा. दुसऱ्याचा वेग इतका संथ आहे की त्यानंतर गाण्यांचा बोलपट लावायला कुणी जागं राहत नाही.