स्वस्त, पण पावतीसकट

लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर खरेदी शिकलेल्या माणसाला जर्मनीत पहिला धक्का बसतो तो घासाघीस नसल्याचा. तिथे निदान "मदरबोर्डवर कीबोर्ड फुकट द्या" म्हणायची सोय होती. इथे भाव स्क्रीनवर आणि माल खोक्यात. भांडणार कोणाशी?

भाचा इथे आर्किटेक्चर शिकायला आला तेव्हा हे सगळं पुन्हा आठवलं. "मावशी, लॅपटॉप रेंडरिंगला रडतो. ७०० युरोत डेस्कटॉप जुळवू या का?" ७०० युरो म्हणजे त्याचं जवळजवळ दोन महिन्यांचं खोलीभाडं, तेही कॅन्टीनमध्ये भांडी विसळून जमवलेलं. त्यामुळे एकेक पार्ट जपून घ्यायचा होता.

सुरुवात 'गाइत्सहाल्स'पासून केली. ही भावांची तुलना करणारी व्हिएन्नाची साइट, आणि नावाचा अर्थ चक्क 'कंजूष'! पार्टचा भाव गेल्या काही महिन्यांत कसा वरखाली झाला, त्याचा आलेखही तिथे दिसतो. घाई नसेल तर याचा फार उपयोग होतो. फक्त बेरीज पोस्टेज धरून करायची. सहा पार्ट सहा दुकानांतून सर्वांत स्वस्त घेतले, तर वाचलेले पैसे टपालातच जातात.

प्रोसेसरच्या यादीत 'बॉक्स्ड' आणि 'ट्रे' असे दोन भाव दिसतात. ट्रे स्वस्त, कारण तो कॉम्प्युटर बनवणाऱ्यांसाठी घाऊकात निघालेला असतो. त्याच्यासोबत पंखा नाही, आणि बॉक्स्डवर मिळणारी उत्पादकाची तीन वर्षांची गॅरंटीही नाही.

मग भाच्याच्या युक्त्या सुरू झाल्या. "लक्झेंबर्गला व्हॅट १७ टक्के, इथे १९. तिथून मागवू?" नाही रे बाबा. माल जर्मनीत पोचणार असेल तर साधारणपणे जर्मनीचाच व्हॅट लागतो. "मग चीनहून?" पूर्वी २२ युरोंपर्यंतच्या पार्सलला व्हॅट माफ होता. १ जुलै २०२१ पासून ती सवलत गेली. शिवाय बिघाड झाला तर दाद मागायची कोणाकडे?

इथेच मुद्द्याचं सांगायचंय. युरोपात घरबसल्या मागवलेली वस्तू १४ दिवसांत, कारण न देता परत करता येते. हा नियम २०१४ पासून सगळ्या युरोपीय संघात सारखा आहे. (दुकानात हाताळून पाहिली असती तेवढीच हाताळायची; त्यापुढे वापरली तर पैसे कापू शकतात. परतीचं पोस्टेजही अनेकदा आपलंच.) त्यापुढे वस्तूत मुळात दोष असेल तर विक्रेता दोन वर्षं जबाबदार. उत्पादक नव्हे, विक्रेता. उत्पादकाची गॅरंटी ही वेगळी, त्याच्या मर्जीची गोष्ट.

माझा स्वतःचा पॉवर सप्लाय नवव्या महिन्यात गेला होता. दुकानाने उत्तर दिलं, "उत्पादकाला लिहा." मी चार ओळींचं उत्तर लिहिलं: करार तुमच्याशी झालाय, आणि पहिल्या वर्षात दोष मुळात नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचं. (ही मुदत पूर्वी सहा महिने होती, २०२२ पासून वर्षभर झाली.) दहा दिवसांत नवा पॉवर सप्लाय दारात! माझं मोडकंतोडकं जर्मन पाहूनसुद्धा! ओळख नाही, वशिला नाही, आवाज चढवला नाही. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या पोराला याचं मोल मोठं आहे.

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून नवी रॅम घ्यायची म्हणजे अंगावर काटा. म्हणून आम्ही जुन्या एएम४ सॉकेटचा बोर्ड निवडला आणि डीडीआर४ रॅम सेकंडहँड घेतली. खाजगी विक्रेते जाहिरातीत बहुधा "हमी नाही, परत घेणार नाही" असं लिहूनच टाकतात, आणि ते त्यांना चालतं. म्हणून नियम केला: सेकंडहँड घ्यायचं ते समक्ष, चालू मशीनवर बघून. केस आणि रॅम जुनी चालेल. पॉवर सप्लाय आणि एसएसडी मात्र नवेच. खराब पॉवर सप्लाय जाताना इतरांनाही घेऊन जाऊ शकतो, आणि एसएसडीची झीज बाहेरून दिसत नाही.

एकूण ६८० युरो लागले. उरलेल्या वीसमध्ये पिझ्झा झाला.

त्याला एकच ताकीद दिली आहे. इथल्या दुकानांच्या थर्मल कागदावरच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या पडतात. घरी आल्याबरोबर फोटो काढ, आणि आईलाही पाठवून ठेव. माझी बहीण काहीही हरवत नाही.