दादांची लेन्स

तालुक्याच्या गावी दादांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर वाटणीत माझ्याकडे त्यांची ५० मिलिमीटरची, आट्यांवर बसणारी जुनी लायका लेन्स आली. कडेला थोडी बुरशी धरलेली.

यंदा मुलाने जर्मनीहून डिजिटल लायका आणला. १९५४ सालच्या एम-३ पासून या कॅमेऱ्यांचे आटे गेले आणि फिरवून अडकवायची खाच आली. मध्ये एक कडी घातली, लेन्स बसली. खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवल्या नि आईचा फोटो काढला. थोडा धूसर आला.

"बाबा, नवी लेन्स लावू?" मुलाने विचारले.

आई म्हणाली, "राहू दे रे. ह्यांनी काढलेल्या फोटोत मी अशीच दिसायची."

आता ती लेन्स बियाण्यासारखी जपतो, कोरड्या जागी.