सूत्राआधी त्रिकोण

महाराष्ट्रात दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय दुसऱ्या प्रकरणात येते आणि अंतराचे सूत्र पाचव्या. मध्ये वर्तुळ आणि भौमितिक रचना होऊन जातात, तोवर कर्ण विसरलेला असतो. मग मुले अंतराचे सूत्र नव्याने घोकतात. खरे तर त्यात नवे काहीच नाही. (2, 3) आणि (−1, 7) हे बिंदू घ्या. आडवे अंतर 3, उभे अंतर 4, म्हणून कर्ण 5. घोकलेल्या सूत्रात हेच करताना 2 − (−1) चे उत्तर 1 येते, नाहीतर 9 आणि 16 यांची वर्गमुळे सुटी काढून 7 मिळवले जातात. समोर त्रिकोण असेल तर हे 7 लगेच खटकतात. ती दोन बाजूंची बेरीज झाली. कर्ण तिच्याहून लहानच असणार.

यावर म्हणतील की परीक्षेत आकृत्या काढायला वेळ कुठे असतो? शिवाय दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेवर असले तर त्रिकोणच होत नाही, सूत्र मात्र बिनतक्रार चालते. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. सूत्राची खरी ताकद तिथेच दिसते. पण तिथे एक बाजू शून्य झाली, एवढेच घडते, आणि हे त्रिकोण पाहिलेल्यालाच कळते. वेळेचे म्हणाल तर आकृती प्रत्येक गणिताला नको, पहिल्या काही गणितांना पुरे.

त्रिकोणाचा आग्रह धरण्याचे मोठे कारण मात्र वेगळेच आहे. सूत्राच्या दोन अटी सूत्रात लिहिलेल्या नसतात: अक्ष परस्परांना लंब हवेत आणि दोन्हींवरचे एकक सारखे हवे. मुंबई आणि पुण्याच्या अक्षांशांत सुमारे 0.55 अंशाचा फरक आहे, रेखांशांत सुमारे 0.98 चा. हे आकडे सूत्रात घातले तर 1.12 येतात. पण 1.12 काय? आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा, रेखांशाचा 105 चा. म्हणजे बाजू 61 आणि 103 किलोमीटर, आणि कर्ण सुमारे 120. लंडनच्या अक्षांशावर रेखांशाचा अंश 70 किलोमीटरही भरत नाही. तिथे चूक आणखी वाढेल. लांब पल्ल्याला तर पृथ्वीचा गोलावा आडवा येतो आणि हे सूत्र बाजूलाच ठेवावे लागते. म्हणून शिक्षकांना विनंती, पाचवे प्रकरण सुरू करताना फळ्यावर आधी काटकोन काढा. सूत्र दुसऱ्या तासाला लिहिले तरी चालेल.