धाकट्याची इटालियन गाडी

आमच्या घरात इटालियन गाडी अब्बांच्या काळातच आली होती, असे म्हटले की धाकटा हसतो. पण ते खोटे नाही. अब्बांची बजाज चेतक ही मुळात इटलीच्या पियाजियो कंपनीच्या व्हेस्पाची लेक. बजाजने 1960 च्या सुमारास परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली, 1971 साली तो परवाना संपला आणि 1972 पासून तेच रूप ‘चेतक’ या नावाने रस्त्यावर आले. त्या स्कूटरवर आमचे अख्खे कुटुंब बसत असे. पुढे आम्ही उभे, मध्ये अब्बा, मागे अम्मी आणि अम्मींच्या मांडीवर धाकटा. सकाळी ती सुरू होईना की अब्बा तिला उजव्या कुशीवर कलती करत आणि मग किक मारत. दुरुस्तीला गल्लीच्या तोंडावरचा कुठलाही मिस्त्री चाले. म्हणून ती भरवशाची.

धाकट्याला मात्र हवी होती इटालियन स्पोर्ट बाईक. तो चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कासारवाडीहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत रोज जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, तेही कंटेनरच्या रांगांमधून. त्याने सहा वर्षे पैसे साठवले होते. आमच्याकडे व्याजाचे कर्ज काढायचे नाही हा अब्बांपासूनचा शिरस्ता, त्यामुळे हातात रोख असेल तेवढ्याचीच वस्तू घ्यायची. एका नातेवाइकांनी सुनावले, “एवढ्या पैशात अम्मींचा उमरा होईल.” अम्मी स्वतः त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणूनच ते बोलणे आम्हाला जास्त लागले. दोघा भावांनी बसून हिशेब केला. अम्मींच्या उमऱ्याची रक्कम आधी बाजूला काढली. उरले तीन लाख चाळीस हजार. एवढ्यात नवी गाडी शक्य नव्हती, म्हणजे वापरलेलीच बघायची.

(उर्दू शाळेत शिकवताना स्वतःला ‘हम’ म्हणायची सवय जडली आहे. तीच मराठीत ‘आम्ही’ होऊन येते. पण या व्यवहारात आम्ही खरोखरच दोघे होतो.)

अम्मींची भीती वेगळी होती. आपल्या मोहल्ल्यातली पोरे शबे-बरातच्या रात्री बाईक कशा उडवतात आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या जमातीने मान खाली घालून कसे हिंडायचे, हे त्यांनी पाहिले आहे. स्पोर्ट बाईक म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच येते. धाकटा तीस वर्षांचा आहे, कंपनीत सुरक्षिततेचे प्रशिक्षण देतो, पण आईच्या नजरेत तो अजून मांडीवरच बसलेला. आम्हाला मात्र आतून वाटत होते की आपल्या घरातल्या मुलाने आयुष्यात एकदा तरी केवळ आवडते म्हणून काही घ्यावे. आम्ही स्वतः बी.एड. झाल्यापासून जे जे घेतले ते उपयोगाचे म्हणूनच घेतले.

सल्ला घ्यायला आम्ही गेलो आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे. नववीत शाळा सोडून तो गॅरेजात लागला तेव्हा आम्ही त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो होतो. परत काही तो वर्गात आला नाही. आज तो मोठ्या बाईकचे फ्युएल इंजेक्शन लॅपटॉप लावून तपासतो. चहा मागवून तो म्हणाला, “सर, गाडी बाद में देखो. पहले ये देखो कि उसको खोलेगा कौन.”

ही एक गोष्ट आम्ही धरून ठेवली. इटालियन गाड्या बिघडतातच अशी त्यांची बदनामी आहे. त्याचे म्हणणे असे की निम्मी बदनामी गाडीची नसते, जवळ जाणकार हात आणि सुटा भाग नसण्याची असते.

पहिली पाहिली ती बेनेलीची 302आर. या कंपनीची कहाणी आम्हाला फार भावली. 1911 साली पेझारो गावात तेरेझा नावाच्या एका विधवा आईने आपल्या सहा मुलांना कामधंदा मिळावा म्हणून घरचा पैसा घालून दुरुस्तीचे दुकान काढून दिले. त्यातून पुढे मोटारसायकली निघाल्या. अम्मींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, “सहाच्या सहा गॅरेजात? एकही मास्तर नाही?” 2005 पासून ही कंपनी चिनी उद्योगाच्या मालकीची आहे आणि भारतातला तिचा भागीदारही 2018 साली बदलला. नाव इटालियन, घर तीनदा बदललेले. तरी आम्ही गाडी मन लावून पाहिली. ब्रेकच्या दांडीचे टोक घासलेले, पायटा घासलेला, हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकते तो चेसीवरचा अटकावा चेपलेला. मालक म्हणे, “उभ्या उभ्या पडली होती.” उभी गाडी पडली तर दांडी वाकते, अटकावा चेपत नाही. आम्ही सलाम करून निघालो.

दुसरी डुकाटी मॉन्स्टर 795. ती अंगावर चढून बसायची पुरती स्पोर्ट बाईक नव्हे, पण धाकट्याचे मन तिच्यावर आले. बोलोन्याची ही कंपनी 1926 साली रेडिओचे भाग बनवण्यासाठी निघाली होती. हिच्या इंजिनाची गंमत विज्ञानाच्या मास्तराला मोहात पाडणारी आहे. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. इंजिन फार वेगात फिरू लागले की स्प्रिंग मागे पडू शकते. फाबियो ताल्योनी या अभियंत्याने 1956 साली डुकाटीच्या शर्यतीच्या गाडीत उघडायला एक आणि बंद करायलाही एक अशी दोन्ही कामे कॅमकडेच दिली. याला डेस्मो म्हणतात. बुद्धीला दाद द्यावी अशी रचना, पण प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याची फट वेगळी मोजायची आणि मिटण्याची वेगळी. शिवाय कॅम फिरवणारे रबरी पट्टे. मालक अभिमानाने सांगत होते, “नऊ हजारच किलोमीटर पळाली आहे, पट्ट्यांना हात लावायची गरजच नाही.” रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. तो पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. इंजिन वाऱ्यावर थंड होणारे, म्हणजे भोसरीच्या सिग्नलला वारा कुठला? रविवारी लोणावळ्याला जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी. रोज चाकण गाठणाऱ्याची ती नव्हे.

धाकटा दोन दिवस बोलला नाही.

तिसरी एप्रिलिया आरएस 457, 2024 चे मॉडेल. एप्रिलिया व्हेनिसजवळच्या नोआले गावची, 2004 पासून पियाजियोकडे. म्हणजे अब्बांच्या चेतकच्या माहेरचीच. ही गाडी आखली इटलीत, पण बनते बारामतीला. डिसेंबर 2023 मध्ये ती आली तेव्हा शोरूमची किंमत 4 लाख 10 हजार होती. दोन सिलिंडर, 457 सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, ॲल्युमिनियमची चेसी, दोन्ही चाकांना एबीएस, वजन 175 किलो. हँडल खाली झुकलेले असले तरी मनगटावर भार कमी येतो. सुटे भाग समुद्र ओलांडून यायचे नाहीत, हा आमच्या हिशेबातला मोठा आकडा.

मालकाला आदल्या दिवशीच सांगितले होते की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावला, गार होते. थंड इंजिन एका बटणात उठले तर निम्मी खात्री पटते. तापवून ठेवलेले इंजिन पाहुण्यांसमोर सगळेच गोड बोलते. आम्ही घरचा मल्टिमीटर नेला होता. बॅटरी बंद गाडीवर 12.6 व्होल्ट, सुरू केल्यावर 14.1. म्हणजे चार्जिंग ठीक. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते गाडीच्या वयाशी जुळले, म्हणजे टायर मूळचेच. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ नव्हता. चेनच्या चक्राचे दाते सरळ होते, वाकून आकड्यासारखे झालेले नव्हते. सायलेन्सर कंपनीचाच होता. आवाजासाठी तो बदललेला असता तर आम्ही गेटातूनच परतलो असतो, कारण ज्याने आवाज बदलला त्याने आत आणखी काय बदलले कोण जाणे. शेवटी वीस मिनिटे सिग्नलच्या गर्दीत चालवून पाहिली. तापमान चढले, पंखा लागला, परत उतरले.

कागद आम्ही अधिक बारकाईने पाहिले. चेसी आणि इंजिनाचे नंबर आरसीशी ताडले, थकलेली ई-चालाने तपासली. गाडी कर्जावर घेतलेली होती. कर्ज फिटले होते, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच होते. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 देऊन ते नाव उतरेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत असे ठरले. मालक जरा नाराज झाले. पंधरा दिवस गेले. मग फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, तीन लाख पंचवीस हजारांवर सौदा, आणि विमाही लगेच धाकट्याच्या नावावर. उरलेले पंधरा हजार चांगले हेल्मेट, हातमोजे आणि पहिल्या सर्व्हिसला ठेवले.

अम्मींच्या अटी दोन. रात्री नऊनंतर गाडी बाहेर काढायची नाही, आणि शबे-बरातला चावी त्यांच्या उशीखाली. मागची सीट पाहून त्या म्हणाल्या, “यावर मांजर बसेल.” खरेच आहे. बाजारहाटाला आणि अम्मींना दवाखान्यात न्यायला घरची जुनी ॲक्टिव्हाच आहे. रोज पावणेदोन लिटर पेट्रोल जाते, त्याची टिपण वही धाकटा स्वतः ठेवतो. चेन दर आठवड्याला पुसतो. आमच्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात गाडी एकदाच गेली, तेलासाठी. त्याने मजुरी घेतली नाही. आम्ही बळेच दिली.

वर्गातल्या पोरांना कुठून तरी कळलेच. दहावीतल्या एकाने विचारले, “सर, आपके भाई की गाडी इटली की है ना?” आम्ही भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर बारामती दाखवली. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, स्वारगेट से सीधी एस.टी. मिलती है!”